पीक संरक्षणाची बंदूक : परवाना आणि कायदा



भुईमुगाच्या शेंगा भरू लागल्या, मक्याची कणसे दुधात आली की रानडुकरांचे कळप शेतात उतरतात आणि एका रात्रीत हाती आलेला हंगाम जातो. अशा वेळी माळ्यावरच्या जुन्या बंदुकीची आठवण होते. परंतु बंदूक बाळगण्याचा परवाना आणि जनावर मारण्याची परवानगी या दोन वेगळ्या बाबी आहेत, हे प्रथम लक्षात घ्यावे.

१) परवाना कशाचा मिळतो?
शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवान्याशिवाय बंदूक बाळगता येत नाही. पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद कलम १३ मध्ये आहे. अर्जदाराने वयाची २१ वर्षे पूर्ण केलेली असावीत. अर्ज जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे करावा. पोलिसांच्या अहवालानंतर निर्णय होतो. अर्जासोबत सातबारा उतारा व पूर्वीच्या नुकसानीचे पंचनामे जोडावेत. अर्ज नाकारल्यास अपील करता येते.

२) काय बाळगू नये?
चाप दाबून धरला की गोळ्या सुटतच राहतात, अशी शस्त्रे 'निषिद्ध' गटात मोडतात. केंद्र शासनाच्या खास परवानगीशिवाय ती बाळगल्यास ७ ते १४ वर्षे कारावास होऊ शकतो. विनापरवाना साधी बंदूक किंवा गावठी कट्टा सापडल्यास २ ते ५ वर्षे कारावास व दंड आहे. या वाढीव शिक्षा २०१९ च्या दुरुस्तीने आल्या.

३) वडिलांच्या नावची बंदूक
परवाना व्यक्तीच्या नावे असतो. तो सातबाऱ्याप्रमाणे वारसाकडे जात नाही. परवानाधारक वारल्यास बंदूक विनाविलंब पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी व नंतर स्वतःच्या नावे अर्ज करावा. मुदत संपलेल्या परवान्यालाही हाच नियम आहे. २०१९ पासून परवान्याची मुदत पाच वर्षांची आहे. परवान्यात नाव नसलेल्या रखवालदाराच्या किंवा मुलाच्या हाती बंदूक देऊ नये.

४) गोळी झाडण्यापूर्वी
रानडुक्कर व नीलगाय हे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षित असून १ एप्रिल २०२३ पासून ते अनुसूची २ मध्ये आहेत. उभ्या पिकाचे नुकसान करणारे जनावर मारण्यासाठी कलम ११ खाली मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. ती मिळेपर्यंत बंदुकीचा परवाना असला तरी शिकार हा गुन्हाच ठरतो. परवानगीने मारलेले जनावरही शासनाची मालमत्ता असते. त्याचे मांस वाटून घेऊ नये.

नुकसान होताच वनविभागाला कळवून पंचनामा करून घ्यावा. भरपाईसाठी तो लागतो आणि परवानगी मागतानाही तोच पुरावा उपयोगी पडतो. घरात जुनी बंदूक असेल तर तिचा परवाना कोणाच्या नावे व कोणत्या तारखेपर्यंत आहे, हे हंगाम सुरू होण्यापूर्वी पाहून ठेवावे.