शामक औषधे मेंदूत नेमके काय करतात?

जमाखर्चाच्या पत्रकांसोबत आरोग्यशिक्षणपर एक लेख द्यावा, असा आपल्या अहवालाचा प्रघात आहे. यंदा झोपेच्या व गुंगीच्या औषधांचा विषय घेण्याचे कारण नोंदणीच्या टेबलापाशी आहे. ‘रुग्ण दारू घेतो काय? झोपेची गोळी घेतो काय?’ ह्या दोन प्रश्नांवर नातेवाईक हमखास अडखळतात. घरच्या माणसाच्या चारित्र्याची चौकशी चालली आहे, असे त्यांना वाटते. वास्तविक डॉक्टरांना हवी असते ती मेंदूतील एका दाराची माहिती. आम्ही स्वतः वाणिज्य शाखेचे. तेव्हा डॉक्टरांनी समजावून दिले ते आम्हांस जसे उमजले, तसे येथे मांडीत आहोत.

मेंदूतील चेतापेशी एकमेकींशी रसायनांद्वारे संवाद साधतात. काही रसायने पुढच्या पेशीस चेतवितात, काही तिला आवरतात. आवरणाऱ्यांत प्रमुख आहे गाबा. ते पेशीच्या आवरणावरील ज्या प्रथिनावर जाऊन बसते, त्यास रिसेप्टर किंवा ग्राही म्हणतात. पाच प्रथिनखंड वर्तुळाकार उभे राहून हा ग्राही बनतो व त्यांच्या मधोमध एक अरुंद वाट असते. गाबा आपल्या ठरावीक खाचेत बसले की ही वाट क्षणमात्र उघडते, ऋणभार असलेले क्लोराइडचे कण आत शिरतात आणि ती पेशी पुढे संदेश पाठविण्यास सहजी तयार होत नाही.

डायझेपाम, अल्प्राझोलाम ह्या गोळ्यांची खाच त्याच ग्राहीवर, परंतु गाबाच्या खाचेहून निराळी असते. ह्या गोळ्या स्वतः दार उघडीत नाहीत. गाबा असेल तर ते दार अधिक वेळा उघडेल, एवढीच व्यवस्था करतात. किल्ली गाबाकडेच राहते, गोळी बिजागरीस तेल घालते म्हणा ना. डायझेपाम बाजारात आले 1963 साली आणि ह्या गोळ्यांची मेंदूतील बैठक डेन्मार्क व स्वित्झर्लंडमधील संशोधकांना सापडली 1977 साली. मधली चौदा वर्षे जगभर लोक ती गोळी घेत होते!

त्याआधीची बार्बिट्युरेट वर्गातील औषधे मात्र दार अधिक काळ उघडे ठेवतात आणि मोठ्या मात्रेत गाबावाचूनही उघडतात. म्हणूनच झोपेच्या जुन्या गोळ्यांच्या अतिसेवनाने माणसे दगावत. त्यांतील फिनोबार्बिटोन आजही फिट्सवर वापरले जाते, ते मोजूनमापून.

आता दारूविषयी. मोहाची असो वा दुकानातील, तिच्यातील अल्कोहोल ह्याच दारावर परिणाम करते. शिवाय चेतविणाऱ्या संदेशांनाही दाबते. दारू प्यालेल्या माणसास झोप लागावी म्हणून घरातील कोणी गोळी दिली, तर दोहोंचा भार एकाच ठिकाणी पडतो आणि श्वास चालविणारे केंद्रही मंदावते. एकेकटी गोळी क्वचितच प्राणघातक ठरते. दारूसोबत ती ठरू शकते.

ह्याची दुसरी बाजू आमच्या मते अधिक ध्यानात घेण्याजोगी आहे. रोज दारू मिळणारा मेंदू हळूहळू स्वतःचा आवर सैल करतो व चेतना वाढवितो. अशा माणसाचा पाय मोडला, तो दाखल झाला आणि दारू एकाएकी बंद झाली, की उरते ती निव्वळ चेतना. पहिल्याच दिवशी हात कापू लागतात; दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्यास भिंतीवर किडे दिसतात, तो खाट सोडून पळू पाहतो, फिटही येते. नातेवाईकांना वाटते की बाहेरची बाधा झाली, आणि ते रुग्णास घरी नेण्याचा आग्रह धरतात. अशा वेळी घरी नेणे जिवावर बेतू शकते. उपचार पुष्कळदा त्याच दारावरचा असतो: डायझेपामच्या वर्गातील औषध देऊन ते क्रमाक्रमाने कमी करणे, जोडीस ब-1 जीवनसत्त्व. दाखल होतानाच पिण्याची कल्पना दिलेली असेल, तर हे उपचार हात कापू लागताच सुरू करता येतात. महिनोन्‌महिने घेतलेली झोपेची गोळी मनानेच एकदम बंद केली, तरी असाच प्रकार घडू शकतो.

शांत करणारे प्रत्येक औषध ह्याच दारावर बसते असे नाही. सर्पगंधेच्या मुळीचे उदाहरण आपल्या राज्याशी निगडित आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील डॉ. रुस्तम जाल वकील ह्यांनी वाढलेल्या रक्तदाबावर तिचा उपयोग पडताळून 1949 साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये लेख प्रसिद्ध केला. पुढे 1952 साली स्वित्झर्लंडमध्ये त्या मुळीतून रेसर्पिन वेगळे करण्यात आले. हे द्रव्य चेतापेशीतील संदेश-रसायने साठविणाऱ्या लहान पिशव्या भरू देत नाही, साठाच संपतो. रक्तदाब उतरतो, मन शांत होते, परंतु काहींना औदासीन्य येते. म्हणून वैदूकडील मुळीचे चूर्ण घेत असल्यास तेही डॉक्टरांना सांगावे.

देणगीदारांपैकी काहींनी विचारले, की उलट परिणामाचे इंजेक्शन असताना ऑक्सिमीटरवर खर्च कशासाठी? फ्लुमाझेनिल हे औषध डायझेपामला त्याच्या खाचेतून हुसकावते खरे; पण त्याचा अंमल थोडाच वेळ टिकतो, गुंगी पुन्हा चढू शकते, आणि गोळीची सवय जडलेल्यास त्याने फिट येण्याचा धोका असतो. दारूवर तर ते चालतच नाही. रुग्णाचा श्वास व ऑक्सिजन पाहत राहणे, हेच मुख्य काम उरते.

अल्प्राझोलाम, डायझेपाम ही औषधे 1 मार्च 2014 पासून एच-1 अनुसूचीत आहेत. औषध विक्रेत्यास त्यांची स्वतंत्र नोंद ठेवून ती तीन वर्षे जपावी लागते. आपल्याकडेही ह्या औषधांचे कपाट कुलूपबंद असून त्यांची वही रोकडवहीप्रमाणे रोज जुळविली जाते. रुग्णाच्या घरी असलेल्या गोळ्यांची वही मात्र कोणापाशीच नसते. तेव्हा दाखल होताना घरातील सर्व गोळ्या, रिकामी पाकिटेसुद्धा, पिशवीत घालून सोबत आणावीत. चारचौघांत सांगणे अवघड वाटत असेल, तर परिचारिकेस बाजूला बोलावून सांगावे.