कावीळ उतरवणारी माळ

घरात कोणाला कावीळ झाली की दोन मते लगेच ऐकू येतात. आजी म्हणते, "माळ घाला, उतरेल." डॉक्टर म्हणतात, "आधी रक्त तपासा." आजी खोटे बोलत नसते. माळ घालून बरी झालेली माणसे तिने डोळ्यांनी पाहिलेली असतात. मग खरे कोणाचे मानायचे?

आधी माळ पाहू. वनस्पतीच्या ओल्या काड्यांचे तुकडे दोऱ्याच्या फासांत अडकवून ती करतात आणि रोग्याच्या डोक्यावर ठेवतात. दिवसागणिक ती लांबते, गळ्यात येते, पुढे छातीवर उतरते. तिच्याबरोबर कावीळही उतरली, असे मानतात.

माळ लांबते हे अगदी खरे. पण कशामुळे? काड्यांतील पाणी उडून जाते, त्या आकसतात आणि फास सैल पडतात. एकेका फासातून केवळ २ मिलिमीटर दोरा सुटला, तरी १०० तुकड्यांची माळ २० सेंटिमीटर लांबेल! पटत नसेल तर सारख्या दोन माळा करा. एक खिळ्याला टांगा, दुसरी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा आणि रोज मोजा. खिळ्यावरची माळ लांबू लागेल. खिळ्याला काही कावीळ झालेली नसते.

तरीही रोगी बरे झाले, त्याचे काय? दूषित पाण्यातून होणारी 'हिपॅटायटिस ए'ची कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप बरी होते. म्हणून माळ न घालता किती बरे झाले आणि घालूनही किती दगावले, हेही आजीला विचारायला हवे. दगावलेला माणूस अनुभव सांगायला येत नाही.

आणि सगळ्या काविळी सारख्या नसतात. पित्तनलिकेत खडा अडकला तरी डोळे पिवळे होतात. तो खडा माळेने हलत नाही. दिल्लीत १९५५-५६ साली यमुनेच्या पाण्यात सांडपाणी मिसळले आणि सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. ती 'ए' प्रकारची नव्हती, हे पुढे १९८० साली कळले. आज तिला 'हिपॅटायटिस ई' म्हणतात. तीही बहुतेकांना सोडून जाते, पण गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत झाली तर शंभरातल्या वीस-पंचवीस जणी दगावू शकतात.

कोणती कावीळ आहे हे रक्त तपासल्याशिवाय डॉक्टरांनाही सांगता येत नाही. तेव्हा आजीशी भांडू नका. हवी तर माळ राहू द्या गळ्यात, पण दवाखान्यात त्याच दिवशी जा. खिळ्यावरची माळ आजीलाच मोजायला सांगा.