रवांडाची कॉफी : मदत कशी घ्यावी याचा एक धडा



अर्थशास्त्राच्या तासाला ‘परकीय मदत’ म्हणजे काय असे विचारले की बहुतेक वेळा एकच उत्तर मिळते : श्रीमंत देश गरीब देशांना पैसे देतात, ती मदत. उत्तर चूक नाही, पण अपुरे आहे. धान्य आले ते खाऊन संपते, औषधे आली ती वापरून संपतात. संकटाच्या काळी अशी मदत हवीच. परंतु एखाद्या देशातील उद्योगाला आपला माल जगाच्या बाजारात स्वतःच्या बळावर विकता यावा, यासाठीही मदत दिली जाते. ती कशी द्यावी लागते आणि तिची मर्यादा कोठे येते, हे आज आपण आफ्रिकेतील रवांडा या देशाच्या कॉफीवरून समजून घेऊ.

नकाशा उघडा. आफ्रिकेच्या मध्यभागी, युगांडाच्या खाली हा देश सापडेल. क्षेत्रफळाने आपल्या केरळपेक्षाही लहान, सगळीकडे डोंगर, आणि समुद्रकिनारा मुळीच नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मन मिशनऱ्यांनी येथे कॉफीची रोपे आणली. पुढे बेल्जियमच्या राजवटीत, १९३० च्या दशकात, शेतकऱ्यांना कॉफीची झाडे लावण्याची सक्ती करण्यात आली. १९६२ मध्ये देश स्वतंत्र झाला, तरी कॉफी हे सरकारच्या तिजोरीसाठी घ्यायचे पीक आहे, ही भावना शेतकऱ्यांच्या मनात राहिलीच. झाडे त्यांची, मेहनत त्यांची. पण बहुतेकांनी आपल्या कॉफीचा एक घोटही कधी घेतलेला नव्हता!

१९८९ मध्ये कॉफीच्या निर्यातीचा कोटा ठरवणारी आंतरराष्ट्रीय व्यवस्था कोलमडली आणि जगभर भाव घसरले. त्यानंतर १९९४ चा भयंकर नरसंहार झाला. सुमारे शंभर दिवसांत अंदाजे ८ लाख माणसे मारली गेली. कित्येक मळ्यांचे मालकच उरले नाहीत. हे कमी होते म्हणून की काय, २००१ च्या सुमारास व्हिएतनाम आणि ब्राझील यांच्या प्रचंड उत्पादनामुळे जागतिक भाव पौंडाला ५० सेंटच्याही खाली गेला.

आता व्यापाऱ्याच्या नजरेने विचार करा. रवांडाची कॉफी बंदरावर न्यायची तर केनियातील मोंबासा किंवा टांझानियातील दार-ए-सलाम येथपर्यंत हजार किलोमीटरहून अधिक अंतर ट्रकने जावे लागते. म्हणजे वाहतूक महाग. शेते छोटी, एकेका कुटुंबाकडे झाडे थोडीच. स्वस्त आणि पुष्कळ माल विकण्याच्या स्पर्धेत हा देश ब्राझीलपुढे कधीच टिकणार नव्हता. एकच मार्ग उरला होता : थोडा माल, पण असा उत्तम की घेणाऱ्याने आनंदाने जास्त भाव द्यावा. झाडे तर चांगली होती. ‘बोरबॉन’ ही अरेबिका कॉफीची नावाजलेली जात तेथे पूर्वीपासूनच होती, आणि उंच डोंगरांवरची थंड हवा तिला मानवते. मग अडले कोठे? अडले ते तोडणीनंतरच्या कामात.

कॉफीचे फळ पिकले की लाल होते. त्याच्या आत साधारणपणे दोन बिया असतात आणि त्यांच्याभोवती चिकट गर असतो. शेतकरी हे फळ घरीच दगडाने ठेचून सोलत, मिळेल त्या पाण्यात धूत आणि जमिनीवरच वाळवत. त्यामुळे बियांना मातीचा, आंबल्याचा वास लागे. चांगल्या मालाचीही गणना हलक्या मालात होई. यावर उपाय म्हणजे धुण्याचे केंद्र. तेथे फक्त लाल फळे घेतली जातात, तीही तोडल्याच्या दिवशीच. पाण्यात टाकल्यावर पोकळ फळे तरंगतात, ती काढून टाकतात. यंत्राने साल काढून बिया टाक्यांत काही तास आंबवतात, म्हणजे चिकट गर सुटतो. मग स्वच्छ पाण्याच्या पाटातून धुऊन त्या उंच जाळीच्या मंचकांवर वाळवतात. वाळत असताना बायका-माणसे हाताने एकेक डागी बी वेचून काढतात. २००० च्या सुमारास साऱ्या देशात अशी केंद्रे एक-दोनच होती.

२००० साली अमेरिकन सरकारच्या ‘यूएसएड’ या मदत संस्थेच्या पैशाने ‘पर्ल’ नावाचा प्रकल्प सुरू झाला. त्यात अमेरिकेतील मिशिगन स्टेट आणि टेक्सास ए अँड एम ही विद्यापीठे आणि रवांडाचे राष्ट्रीय विद्यापीठ एकत्र आले. प्रमुख होते टिम शिलिंग हे कृषिशास्त्रज्ञ. दक्षिण रवांडातील मराबा या भागात शेतकऱ्यांनी १९९९ मध्येच स्वतःची एक सहकारी संस्था काढली होती. प्रकल्पाने तिला हाताशी धरले आणि २००१ मध्ये तेथे धुण्याचे केंद्र उभे राहिले. २००२ मध्ये अमेरिकेतील लुइझियाना राज्याच्या कम्युनिटी कॉफी या कंपनीने मराबाची कॉफी घेतली, आणि २००३ मध्ये इंग्लंडमधील सेन्सबरी या दुकानांत ती ‘मराबा’ याच नावाने विकली गेली. २००८ मध्ये ‘कप ऑफ एक्सलन्स’ ही कॉफीची नामांकित स्पर्धा आफ्रिकेत पहिल्यांदा भरली, ती रवांडातच. २०१० पर्यंत धुण्याची केंद्रे दोनशेच्या आसपास गेली. मदतीच्या पैशातून सुरुवात झाली होती. पुढची बरीच केंद्रे खासगी उद्योजकांनी आणि सहकारी संस्थांनी उभारली.

मित्रहो, या कामात मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो भाग यंत्रांचा नाही. प्रकल्पाने स्थानिक तरुण-तरुणींना कॉफी चाखण्याचे शास्त्र शिकवले. चमचाभर कॉफी जोराने ओढून घ्यायची, तिचा आंबटपणा, गोडवा आणि सुगंध ओळखायचा आणि शंभरपैकी गुण द्यायचे. तेथील कॉफीत कधीकधी कच्च्या बटाट्यासारखा वास येतो, आणि त्याचा संबंध एका किडीशी लावला जातो. तोही दोष ओळखायला ही मंडळी शिकली. जोपर्यंत आपल्या मालाची पारख आपल्याला नाही, तोपर्यंत ग्राहक म्हणेल तोच भाव. पारख आली की ‘एवढे का कमी?’ असे विचारता येते. यंत्र गंजते, पैसा संपतो, शिकलेली जीभ मात्र माणसाजवळच राहते.

आता दुसरी बाजूही पाहू, कारण अर्धी गोष्ट सांगणे म्हणजे शिकवणे नव्हे. पुष्कळ केंद्रे पुरेशा फळांअभावी क्षमतेपेक्षा कमी चालली आणि काही कर्जात गेली. केंद्र उभारणे सोपे. हिशेब ठेवणे आणि शेतकऱ्याला वेळेवर पैसे देणे अवघड. शिवाय मदत देणाऱ्यालाही स्वतःचे हित असते. अमेरिकेत कॉफी फारशी पिकत नाही, म्हणून रवांडाची कॉफी सुधारली तर तेथे कोणाचे नुकसान नव्हते. परंतु २०१६ मध्ये रवांडाने आपल्या कापड उद्योगासाठी बाहेरून येणाऱ्या जुन्या कपड्यांवरील कर किलोला २० सेंटवरून अडीच डॉलर केला. तेव्हा अमेरिकेतील जुन्या कपड्यांच्या व्यापाऱ्यांनी तक्रार केली, आणि २०१८ मध्ये अमेरिकेने रवांडाच्या तयार कपड्यांना दिलेली करमाफी स्थगित केली. देश तेच दोन, पण एका उद्योगाला हात मिळाला आणि दुसऱ्याला धक्का. शेवटी १ जुलै २०२५ रोजी ‘यूएसएड’ ही संस्थाच बंद झाली. देणारा हात कायमचा नसतो, हे यापेक्षा स्पष्ट काय असणार?

आपल्या देशातही याचे एक मोठे उदाहरण आहे, वडोदऱ्याजवळच्या आणंदचे. १९७० मध्ये ‘ऑपरेशन फ्लड’ सुरू झाले, तेव्हा युरोपातून दुधाची भुकटी आणि लोणी-तेल दान म्हणून आले. ते फुकट वाटले असते तर आपल्याच गवळ्यांचे दूध पडून राहिले असते. डॉ. वर्गीज कुरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यापासून दूध तयार करून ते शहरांत रीतसर विकले, आणि आलेला पैसा गावोगावच्या दूध संस्था व डेअऱ्या उभारण्यात घातला. १९९८ मध्ये भारत जगातील सर्वांत मोठा दूध उत्पादक देश झाला. भुकटी संपली, डेअऱ्या राहिल्या.

पालकहो आणि विश्वस्त मंडळी, हा धडा फक्त देशांपुरता नाही. आपल्यासारख्या शाळाही देणगीवर चालतात. देणगीत आलेली वस्तू कपाटात कुलूपबंद राहिली, तर दात्याचे नाव पाटीवर राहते आणि मुलांच्या हाती काहीच येत नाही. म्हणून कोणतीही देणगी स्वीकारताना एक प्रश्न आपण जरूर विचारावा : हे संपल्यावर आमच्याजवळ काय उरेल?

विद्यार्थ्यांनी विचार करावा :

१. समुद्रकिनारा नसलेल्या देशाने स्वस्त मालाऐवजी उत्तम मालावर भर का द्यावा? आपल्या शब्दांत लिहा.

२. युरोपातून आलेली भुकटी फुकट वाटली असती तर गवळ्यांचे नुकसान कसे झाले असते?

३. आपल्या घरी किंवा शेजारी तयार होणारा एक पदार्थ अथवा वस्तू निवडा. तिची पारख कोण करते, भाव कोण ठरवतो, हे घरच्या मोठ्यांना विचारून दहा ओळी लिहा. चांगली उत्तरे पुढील अंकात छापू.