खाणीची भरलेली जमीन घेताय? आधी दहा रुपयांचा अर्ज, मग माती

चंद्रपूर, वणी, उमरेड पट्ट्यात कोळसा काढून झाल्यावर खड्डा भरून, सपाटी करून, वर झाडं लावलेली जमीन चराईला, लागवडीला किंवा बचतगटाच्या रोपवाटिकेला देऊ केली, तर सही करण्याआधी ती तपासून घ्या. ‘हिरवी झालीय ना, मग?’ या उत्तरावर थांबू नका. सुबाभूळ आणि घाणेरी कशाही जमिनीवर हिरवी दिसतात.

सुरुवात कागदांपासून. पर्यावरण मंजुरीच्या अटी पाळल्याचा सहामाही अहवाल कंपनीला दर १ जून आणि १ डिसेंबरला द्यावा लागतो. तो आधी कंपनीच्या संकेतस्थळावर शोधा. तिथे नसेल, तर माहितीचा अधिकार. खाण वेस्टर्न कोलफील्ड्सची असेल तर ती कंपनी केंद्राच्या अखत्यारीत येते, म्हणून १० रुपयांची पोस्टल ऑर्डर लावा. कोर्ट फी स्टॅम्प राज्याच्या कार्यालयांसाठी, इथे तो लावलात तर अर्ज परत येऊ शकतो. छायाप्रत पानाला २ रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. दारिद्र्यरेषेखाली असाल तर दाखला जोडा, फी माफ. अर्ज लांबलचक लिहू नका. भराव कधी संपला, वर सुपीक मातीचा थर किती जाड टाकला, कोणती झाडं किती लावली आणि किती जगली, एवढंच विचारा. सोबत डिजिटल सातबारा काढा, १५ रुपये. जमीन नेमकी कुणाच्या नावावर आहे ते तिथे कळेल, आणि पुढचा खर्चही त्यावरच ठरतो.

खाणीच्या हद्दीत लेखी परवानगीशिवाय पाऊल टाकू नका. उतार खचतात, कोळशाचा चुरा आतल्या आत पेटतो.

परवानगी मिळाली की पहार आणि फावडं घेऊन जा. दोन फूट खड्डा घ्या. वरची माती कुठे संपते आणि दगड-मुरूम कुठे सुरू होतो, ते डोळ्यांनी दिसतं. कागदावरच्या जाडीशी ताडून पाहा. मग दोन्ही तोंडं उघडी असलेला पत्र्याचा डबा जमिनीत ठोका, पाणी ओता, मुरायला किती वेळ लागतो ते बघा. हेच शेजारच्या चांगल्या शेतात करा. डंपर-डोझरांनी दाबलेल्या भरावात पाणी वरच राहतं, मूळही खाली जात नाही. सुबाभळीची किंवा धैंचाची मुळं उकरा, गाठ कापा: आत गुलाबी असेल तर नत्र धरलं जातंय. न लावता आलेलं गवत, पळस, बोर आहे का? गांडूळ? पालापाचोळा कुजतोय का? खर्च शून्य.

झाडं पावसाळ्यानंतर एकदा मोजा, पुन्हा एप्रिल-मेमध्ये. फक्त ऑक्टोबरचा आकडा दाखवणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

आता प्रयोगशाळा. माथा, उतार, पायथा यांचे नमुने वेगळे ठेवा, आणि तुलनेला शेजारच्या शेताचा एक घ्या. लोखंडी फावड्याला लागलेली माती नमुन्यात नको, जस्ताच्या बादलीत ती कालवूही नका. लोह-जस्ताचे आकडे बिघडतात. माती सावलीत वाळवून प्रत्येकी अर्धा किलो भरा. मृद आरोग्य पत्रिकेत बारा घटक असतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन, सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब. योजनेतून पत्रिका मोफत, पण ती शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर. कंपनीच्या जमिनीचा नमुना जिल्हा मृद चाचणी प्रयोगशाळेत किंवा कृषी विज्ञान केंद्रात (चंद्रपूरकरांना सिंदेवाही) फी भरून द्यावा लागेल, असं धरून चला. पावती घ्या.

इथे एक सापळा आहे. कर्ब मोजण्याच्या नेहमीच्या पद्धतीत कोळशाची भुकटीही काही प्रमाणात कर्ब म्हणून मोजली जाते. भराव नवा, झाडं खुरटी आणि कर्ब ०.७५ टक्क्यांच्या वर, म्हणजे ‘भरपूर’? तो बहुधा कोळसा आहे. नत्राचा आकडा सोबत पाहा.

पत्रिकेत शिसं, कॅडमियम, आर्सेनिक नसतात. खायचं पीक किंवा चारा घेणार असाल तर ते खासगी प्रयोगशाळेतून करून घ्या. दर नमुन्यागणिक आणि घटकागणिक लागतो: चार नमुने, पाच धातू म्हणजे वीस चाचण्या. त्यावर १८ टक्के जीएसटी. नमुना तयार करण्याचे पैसे वेगळे आहेत का, हे आधीच विचारा आणि एकूण रक्कम लेखी घ्या. एनएबीएल मान्यता प्रयोगशाळेला असली तरी त्या विशिष्ट चाचणीला आहे का, ते एनएबीएलच्या संकेतस्थळावर फुकट तपासता येतं.

तुम्ही नेलेल्या मातीच्या अहवालावर ‘नमुना ग्राहकाने दिला’ असा शेरा येतो. तक्रारीत कंपनी नेमकं त्यावरच बोट ठेवते. वाद होईल असं वाटत असेल, तर ग्रामपंचायतीसमोर पंचनामा करा. नमुन्याचे तीन भाग: एक प्रयोगशाळेला, एक कंपनीला, एक सीलबंद तुमच्याकडे. आणि बिल कंपनीने भरावं, अशी मागणी ग्रामपंचायतीच्या ठरावात लिहून घ्या.