गडग्याने अडलेले पाणी : दावा व बचाव

मालवण किनाऱ्यावर वरच्या कुणग्यातील पावसाचे पाणी उताराने खालच्या शेतात जावयाचे. खालच्या शेतकऱ्याने नवा गडगा घातला की वरचे भात बुडते. अशा वेळी स्वतः गडगा फोडू नये. आपणावरच फिर्याद होण्याचा संभव असतो.

१९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या कलम ५ अन्वये, शेतातील पाण्याच्या नैसर्गिक प्रवाहास बेकायदा घातलेला अडथळा काढण्याचा हुकूम तहसीलदारांना देता येतो. नुकसान झालेलेच पाहिजे असे नाही; ते होण्याचा संभव पुरेसा आहे. मात्र दाव्याचे कारण घडल्यापासून ६ महिन्यांच्या आत दावा लावावा. मे महिन्यातील गडग्याचा विचार दिवाळीनंतर करू म्हटल्यास मुदत हातची जाते. गडगा केव्हा घातला, पाणी कोठून वाहत असे, किती पीक बुडाले, याची तारीखवार नोंद ठेवावी. नुकसानभरपाईसाठी दिवाणी न्यायालयाकडे जावे लागते.

प्रतिवादीलाही बचाव आहे. वादीने नवा पाट खोदून पाणी लोटले, अडथळा मुदतीबाहेरचा आहे, अथवा त्यापासून नुकसान संभवत नाही, हे त्याने पुराव्यानिशी दाखवावे. समन्स मिळूनही गैरहजर राहिल्यास निकाल एकतर्फी होऊ शकतो.

ग्रामकार्यकर्त्यांनी उभय पक्षांना प्रथम बांधावर एकत्र आणावे. गडग्यात ठेवलेली एक मोरी पुष्कळदा दोन्ही शेते वाचविते. तडजोड झाल्यास ती लेखी करावी; न झाल्यास मात्र मुदत दवडू नये.