उन्हाळ्यातील परसबाग आणि खारे पाणी

शेगाव, नांदुरा, संग्रामपूर या तालुक्यांचा बराच भाग पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात मोडतो. येथील अंगणातली वांगी, मिरची मे महिन्यात करपते ती केवळ उन्हाने नव्हे. बोअरच्या खाऱ्या पाण्याची वाफ होते व क्षार मुळांशी साचतात. हे पाणी पानांवर तर मुळीच शिंपडू नये.

घरी नळाचे पाणी येत असेल तर पाच वेळच्या वुजूचे पाणी बादलीत धरावे. त्यात साबण नसतो. झाडाजवळ भाजलेले, बिनझिलईचे मडके गळ्यापर्यंत पुरून त्यात ते भरावे व तोंड झाकावे. ओल हळूहळू मुळांना मिळते. वर कुटाराचा थर द्यावा. पश्चिमेकडून जुने सुती मलमल बांधावे. कापडवाला म्हणून सांगतो, जाड पॉलिस्टर हवा कोंडते.

लिंबाला पाणी फांद्यांच्या घेराखाली द्यावे. खोडाशी ओल राहिली की डिंक्या रोग लागतो.