छोट्या ट्रेलरला विजेचा ब्रेक : वेल्डिंग कारागिरांसाठी एक नवे काम

उन्हाळा लागला की आपल्या वाशिम जिल्ह्यात पाण्याच्या टँकरची मागणी वाढते. छोटा ट्रॅक्टर, मागे दोन चाकांचा टँकर आणि वर एक तरुण चालक, हे दृश्य कारंजा, मानोरा, मालेगाव, मंगरूळपीर कुठेही दिसते. टँकर गावातल्याच वेल्डिंगच्या दुकानात तयार झालेला असतो. पत्रा चांगला असतो, रंग चांगला असतो, मागे नावही झोकदार लिहिलेले असते. मात्र एक गोष्ट बहुधा नसते, ती म्हणजे ब्रेक. टँकर थांबवायची सगळी जबाबदारी पुढच्या ट्रॅक्टरवर टाकलेली असते.

वेल्डिंग, लेथ आणि गॅरेज या धंद्यांवर आपल्या समाजातील अनेक घरांची रोजी चालते. आपण बनवलेली वस्तू रस्त्यावर पळते, म्हणून तिच्या थांबण्याचा विचारही आपणच केला पाहिजे. अशा छोट्या ट्रेलरला बसणारा विजेचा ब्रेक कसा चालतो, तो कसा बसवावा आणि त्यातून कारागिराला धंदा कसा मिळू शकतो, हे या लेखात पाहू.

आधी हिशेब

दोन हजार लिटरचा टँकर घ्या. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, म्हणजे पाणीच 2,000 किलो. लोखंड, चाके, एक्सल मिळून आणखी 700 किलो धरले तर टँकर 2,700 किलोचा झाला. पुढचा छोटा ट्रॅक्टर सुमारे 1,000 किलोचा. म्हणजे ओढणाऱ्यापेक्षा ओढले जाणारे वजन पावणेतीन पट आहे.

ट्रॅक्टरचे ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात. त्या चाकांवर ट्रॅक्टरचे स्वतःचे आणि टँकरच्या दांड्याचे मिळून साधारण 850 किलो वजन येते. कोरड्या डांबरी रस्त्यावर टायरची पकड वजनाच्या सहा दशांश धरली, तर थांबवणारा जोर सुमारे 500 किलो मिळतो. तेवढ्या जोरावर 3,700 किलोचे ओझे थांबवायचे असते. ताशी 20 किलोमीटर वेग असेल तर ब्रेक लागल्यावर गाडी सुमारे 12 मीटर पुढे जाते. चालकाला समजून पाय दाबायला एक सेकंद लागतो, त्यात आणखी साडेपाच मीटर जातात. एकूण सतरा मीटर झाले.

सपाट कोरड्या रस्त्यावर हे निभावते. आता पावसाळ्यातील चिखलाने माखलेला उतार घ्या, पंधरा मीटरला एक मीटर उतरणारा. ओल्या चिखलात पकड निम्मी होते, म्हणजे जोर 250 किलो उरतो. आणि 3,700 किलोचे ओझे या उतारावर सुमारे 247 किलो जोराने खाली ओढले जाते. थांबवायला हातात काहीच शिल्लक राहिले नाही! चालकाने ब्रेक पूर्ण दाबला, चाके जाम झाली, तरी टँकर ट्रॅक्टरला ढकलत राहतो. दांडा वाकडा झाला की ट्रॅक्टर आडवा फिरतो. लोक म्हणतात ब्रेक फेल झाला. खरे तर ब्रेक शाबूत होता, पण तो अपुरा होता.

त्याच टँकरच्या एक्सलवर सुमारे 2,500 किलो वजन आहे. टँकरच्या चाकांना ब्रेक असेल तर त्याच चिखलात आणखी 750 किलोपर्यंत जोर मिळू शकतो आणि त्याच उतारावर गाडी आठ-नऊ मीटरमध्ये थांबू शकते. सगळ्यात जास्त वजन ज्या चाकांवर आहे त्या चाकांनाच ब्रेक हवा, ही साधी गोष्ट या हिशेबातून कळते.

परदेशात हा विचार कायद्यात आला आहे. युरोपात 750 किलोपेक्षा जास्त एकूण वजनाच्या ट्रेलरला स्वतःचा ब्रेक लागतो. अमेरिकेत राज्याराज्याचा नियम वेगळा आहे, पण अनेक राज्यांत ही मर्यादा 3,000 पौंड, म्हणजे सुमारे 1,360 किलो आहे.

विजेचा ब्रेक चालतो कसा?

हा ब्रेक नवा नाही. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात बेलॉइट येथे आर्थर वॉर्नर यांनी 1920 च्या दशकात तो धंद्यात आणला. रचना आपल्या ओळखीच्या ड्रम ब्रेकचीच आहे. ड्रम, दोन शू, लायनर, स्प्रिंगा सगळे तेच. फरक एवढाच की शू पसरवायला तेलाचा सिलिंडर किंवा दोरी नसते, एक लोहचुंबक असतो.

हा चुंबक एका लोंबत्या दांडीच्या टोकाला बसवलेला असतो. त्याला बॅटरीचा प्रवाह मिळाला की तो फिरत्या ड्रमच्या आतल्या सपाट तोंडाला चिकटतो. ड्रम फिरत असल्याने चुंबक त्याच्याबरोबर ओढला जातो, दांडी फिरते आणि तिचे दुसरे टोक शू पसरवते. म्हणजे ब्रेक दाबण्याची ताकद चाकाच्या फिरण्यातूनच येते, वीज फक्त चिकटवण्याचे काम करते. म्हणूनच 12 व्होल्टच्या साध्या बॅटरीवर हे जमते. मोठ्या ब्रेकचा एक चुंबक सुमारे तीन ते साडेतीन अँपिअर घेतो, दोन चाकांचे मिळून सात अँपिअर धरावे.

चालकाजवळ एक कंट्रोलर बसतो. पायाचा ब्रेक दाबला की स्टॉप लाइटच्या स्विचवरून त्याला खबर मिळते आणि तो ठरवलेल्या प्रमाणात प्रवाह मागे सोडतो. त्यावर हाताने चालवायची पट्टीही असते. काही कंट्रोलर गाडीचा धक्का ओळखून प्रवाह कमी-जास्त करतात. शेतरस्त्यावरच्या हादऱ्यांत ते फसू शकतात. ट्रॅक्टरसाठी हातपट्टीचा, ठरावीक वेळात प्रवाह वाढवणारा साधा प्रकार बरा.

निवड आणि जोडणी

दहा इंची ड्रमची जोडी साधारण 1,600 किलोपर्यंतच्या एक्सलला आणि बारा इंची जोडी सुमारे 3,200 किलोपर्यंतच्या एक्सलला चालते. आपल्या दोन हजार लिटरच्या टँकरला बारा इंचीच हवी. पाच-सहा टन धान्य किंवा सोयाबीन वाहणाऱ्या चारचाकी ट्रॉलीचे हे काम नव्हे. तिथे हायड्रॉलिक किंवा हवेचा ब्रेक योग्य.

हा माल आपल्याकडच्या स्पेअर पार्टच्या दुकानात सहसा मिळत नाही, मागवावा लागतो. मागवताना ब्रेकची प्लेट, ड्रमसह हब, बेअरिंग आणि ऑइल सील एकाच मापाचे, जुळते घ्यावे. जुन्या ट्रकच्या हबला हे बसेल असे गृहीत धरू नये. चुंबक टेकण्यासाठी ड्रमचे तोंड लेथवर घासलेले, सपाट लागते. जुळता हब मिळत नसेल तर काम घेऊ नये. गिऱ्हाइकाला तसे स्पष्ट सांगावे.

पुढचा क्रम असा ठेवावा.

पहिले, एक्सलवर फ्लँज वेल्ड करणे. फ्लँज गुण्यात बसला पाहिजे आणि हबपासूनचे अंतर मालाबरोबर आलेल्या नकाशाप्रमाणे पाहिजे. वेल्डिंग करताना हब व बेअरिंग काढून ठेवावे आणि अर्थचा चिमटा वेल्डच्या जवळ लावावा. बेअरिंगमधून प्रवाह गेला तर ते खराब होते. बॅटरीची तार आधी सोडावी.

दुसरे, प्लेट बसवणे. डावी आणि उजवी प्लेट वेगळी असते. लांब लायनरचा शू मागच्या बाजूला आला पाहिजे. उलट बसवली तर ब्रेक लागेल पण जोर फार कमी मिळेल. ड्रम किंवा लायनरला ग्रीसचा हात लागू देऊ नये.

तिसरे, वायरिंग. इथेच पैसे वाचवण्याचा मोह होतो. बॅटरीपासून चाकापर्यंत आठ मीटर, जाऊन-येऊन सोळा मीटर तार धरा. एक चौरस मिलिमीटरची पातळ तार वापरली तर सात अँपिअरला जवळजवळ दोन व्होल्ट तारेतच जिरतात आणि चुंबक ढिला पडतो. चार चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेत फक्त अर्धा व्होल्ट जातो. परतीची तारही वेगळी ओढावी, हुक आणि पिनवर भरवसा ठेवू नये. गंजलेली पिन म्हणजे तुटलेली तार. बॅटरीजवळ फ्यूज, मध्ये पाणी न जाणारे सॉकेट, आणि तारेवर नळी हवी.

चौथे, तुटल्यावर लागणारा ब्रेक. टँकरवर एक छोटी 12 व्होल्टची बॅटरी आणि खिळीचा स्विच बसवतात. स्विचची तारदोरी ट्रॅक्टरच्या सांगाड्याला बांधायची, हुकाच्या पिनला नव्हे. पिन निसटली की दोरी ओढली जाते, खिळी बाहेर येते आणि टँकरचे ब्रेक आपोआप लागतात. अमेरिकेच्या नियमांत अशा बॅटरीने निदान 15 मिनिटे ब्रेक धरून ठेवावा अशी अट आहे. याशिवाय सुरक्षेची साखळी लावावीच. खर्च कमी करण्यासाठी गिऱ्हाईक नेमका हा भाग गाळायला सांगतो. तो गाळून काम देऊ नये.

सेटिंग आणि चाचणी

चाक जॅकवर उचलून दातेरी चकती फिरवत शू घट्ट करावेत, चाक फिरेनासे झाले की आठ-दहा दाते मागे घ्यावेत. चाक हलके घासत फिरले पाहिजे. पहिल्या तीनशे किलोमीटरनंतर लायनर बसतात, तेव्हा पुन्हा घट्ट करावे, आणि पुढे दर तीन महिन्यांनी पाहावे.

मग मोकळ्या मैदानात ताशी दहाच्या वेगाने नुसती हातपट्टी दाबून पाहावी. टँकर एका बाजूला ओढतो का? अँपिअर मीटरवर दोन्ही चाकांचा प्रवाह सारखा आहे का? थांबल्यावर दोन्ही ड्रम सारखेच गरम झाले आहेत का? ड्रमला हात न लावता, जवळ नेऊन अंदाज घ्यावा. एकच चाक काम करत असेल तर तो ब्रेक नसल्यापेक्षा वाईट.

भरल्या टँकरला जेवढा प्रवाह लागतो, तेवढ्याच प्रवाहात रिकाम्या टँकरची चाके जाम होऊन घसरतात. म्हणून कंट्रोलरवर भरल्याची आणि रिकाम्याची अशा दोन खुणा करून चालकाला समजावून द्याव्यात. अर्धा भरलेला टँकर आणखी फसवा असतो, कारण पाणी पुढे-मागे आदळते. टँकरमध्ये आडवे पत्रे घातलेले असावेत.

चालकाला आणखी चार गोष्टी सांगाव्यात. रस्त्यावर ट्रॅक्टरचे डावे-उजवे ब्रेक पेडल खटक्याने जोडूनच चालावे. उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर घ्यावा, मेडशी-पातूरसारख्या घाटात डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रल करणे म्हणजे जिवाशी खेळ. विजेचा ब्रेक उभी गाडी धरून ठेवण्यासाठी नाही, त्यासाठी चाकाखाली लाकडी गुटका लावावा. आणि मागे घेताना हा ब्रेक कमी धरतो, हे लक्षात ठेवावे.

कागदपत्रे आणि व्यवहार

ट्रेलर हेही मोटार वाहन कायद्याने वाहनच आहे. 1988 च्या कायद्याच्या कलम 52 प्रमाणे नोंदणीच्या कागदातील तपशिलाशी जुळणार नाही असा फेरफार परस्पर करता येत नाही. म्हणून एक्सल बदलण्याआधी गिऱ्हाइकाचे नोंदणीपुस्तक पाहावे आणि वाशिमच्या आरटीओ कार्यालयात काम दाखवून लेखी विचारणा करावी. एमएच-37 च्या गाडीसाठी अकोल्याला जावे लागत नाही, मग आळस कशाला? ब्रेक लावला म्हणून जादा वजन भरायचा परवाना मिळत नाही, हेही सांगावे. 2019 च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाचा दंड 20,000 रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000 रुपये आहे.

कामाचे अंदाजपत्रक लेखी द्यावे : माल किती, मजुरी किती, तीन महिन्यांची तपासणी किती. खरी कमाई या तपासणीत आहे. टँकर एकदाच बनतो, ब्रेक दर तिमाहीला पाहावा लागतो, आणि बांधलेले गिऱ्हाईक मंदीतही दुकान चालवते. प्रत्येक कामाची वही ठेवावी. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम कुरआन शरीफमध्ये सूरह बकरहच्या 282 व्या आयतीत आहे. तो पाळला तर अर्धी भांडणे होतच नाहीत. मालातील ऐब लपवून विकणे आपल्याला जायज नाही, आणि ब्रेक नसलेला जड टँकर विकताना ती गोष्ट न सांगणे हाही ऐब लपवण्याचाच प्रकार आहे.

काही जण म्हणतील, इतकी वर्षे असेच चालले, अल्लाह राखणारा आहे. बेशक आहे. पण उंट बांधून मग तवक्कुल करण्याची शिकवण आपल्याला मिळालेली आहे. आजचा उंट म्हणजे पावणेतीन हजार किलोचा टँकर, आणि त्याची दोरी म्हणजे त्याच्या चाकातील ब्रेक. ज्या कारागिराला हे काम शिकायचे आहे त्याने पहिला ब्रेक स्वतःच्या किंवा घरच्या ट्रेलरला बसवावा, महिनाभर चालवून पाहावा आणि मगच गिऱ्हाइकाचे काम घ्यावे. इन्शाअल्लाह, रोजीही वाढेल आणि त्या टँकरसमोरून रस्ता ओलांडणारे पोरही सुखरूप घरी जाईल.